दिवसाला एक पान

आमच्या पेठेंतील व्यापारी मंडळी दिवाळीच्या पाडव्यास नव्या चोपडीवर कुंकवाचें स्वस्तिक काढून आपल्या वर्षाचा आरंभ करतात. त्या दिवशीं दुकानांत दिव्यांची रांग असते, अत्तर-गुलाब असतो, पेढ्यांचीं ताटें फिरतात. परंतु पेढीची प्रतिष्ठा त्या एका दिवसाच्या पूजेवर टिकत नाहीं, हें त्यांना कोणी सांगावयास नको. रोज रात्रीं दुकानाच्या फळ्या लावण्यापूर्वीं त्या दिवसाची कीर्द लिहिली गेली कीं नाहीं, आणि कीर्दींतली प्रत्येक रक्कम आपापल्या खात्यावर खतावली गेली कीं नाहीं, यावर पेढीचें जगणें-मरणें अवलंबून असतें. ज्या घरीं सहा महिने कीर्द कोरी राहिली, त्या घरचा पाडवा कितीही थाटाचा झाला तरी दिवाळें फार दूर नसतें.

हीच सावधगिरी आपण धर्माच्या व्यवहारांत दाखवितों काय? आपल्याकडे सप्ताह होतात, उत्सव होतात, वर्षांतून एकदां बासन सोडून पोथीचें पारायण होतें, आणि समाप्तीचें जेवण झालें कीं पोथी पुन्हां रेशमी रुमालांत जाऊन बसते. ख्रिस्ती समाजांतही मनुष्यस्वभाव निराळा नाहीं. नाताळच्या दिवशीं देवळांत बसावयास जागा मिळत नाहीं, आणि एरवीं पुष्कळ बांकें मोकळीं राहतात. हा स्वभाव ओळखूनच त्या समाजांत दैनिक उपासनेचीं पुस्तकें निघालीं. वर्षाचे दिवस जितके, तितकीं पानें. प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारीख, तिच्याखालीं बायबलांतील एखादें वचन, आणि त्या वचनावर पांच-सात मिनिटांत वाचून होईल इतकें विवेचन. आपल्याकडे नित्य हरिपाठ म्हणणारा वारकरी किंवा दासबोधाचा एक समास वाचल्यावांचून अन्नास न शिवणारा गृहस्थ ज्या हेतूनें तें करतो, तोच हेतु येथें आहे. या जातीच्या पुस्तकांपैकीं विसाव्या शतकांत जगभर अत्यंत वाचलें गेलेलें जें पुस्तक, ‘माय अटमोस्ट फॉर हिज हायेस्ट’, त्याच्या मुखपृष्ठावर ऑस्वल्ड चेंबर्स हें नांव आहे. या गृहस्थांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांत ख्रिस्ती वाचकांस परिचित असें कांहीं असेल. परंतु जो ख्रिस्ती नाहीं त्यालाही त्यांतून घेण्याजोगें पुष्कळ आहे, असें आम्हांस वाटतें.

चेंबर्स यांचा जन्म २४ जुलै १८७४ रोजीं स्कॉटलंडमधील ॲबरडीन शहरीं झाला. वडील क्लॅरेन्स हे बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. घर मध्यम स्थितीचें, भावंडें पुष्कळ, शिस्त कडक. वडिलांच्या बदल्यांबरोबर कुटुंब गांवोगांव फिरत १८८९ च्या सुमारास लंडनला आलें, तेव्हां ऑस्वल्ड पंधरा वर्षांचे होते. मुलाचा ओढा चित्रकलेकडे आणि संगीताकडे. साउथ केन्सिंग्टन येथील कलाशाळेंत त्यांनीं चित्रकलेचें शिक्षण घेतलें आणि पुढें एडिंबरो विद्यापीठांत कांहीं काळ अध्ययन केलें. कलेच्या द्वारें ईश्वराची सेवा करावी असा त्यांचा मनोदय होता. तो सोडून १८९७ सालीं ते डनून नांवाच्या समुद्रकांठच्या गांवीं एका लहानशा धर्मशिक्षणाच्या पाठशाळेंत दाखल झाले. तेथें प्रथम विद्यार्थी व मग शिक्षक म्हणून त्यांनीं सुमारें नऊ वर्षें काढलीं.

या नऊ वर्षांतला पहिला भाग आमच्या विषयास फार महत्त्वाचा आहे. बाहेरून पाहणारास हा तरुण अत्यंत धार्मिक दिसे. तो शिकवी, उपदेश करी, त्याच्या उपदेशानें दुसऱ्यांचीं मनें पालटत. परंतु आंत सगळें कोरडें पडलें होतें. सुमारें चार वर्षें त्याला प्रार्थनेंत गोडी वाटेना, बायबल उघडलें तर अक्षरें निर्जीव दिसूं लागलीं, आणि आपल्याच मनांतला मळ त्याला जास्त जास्त दिसूं लागला. १९०१ सालीं हा काळ संपला. तो कसा संपला याचें तत्त्वज्ञान सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. इतकें मात्र चरित्रावरून स्पष्ट दिसतें कीं, स्वतःच्या धार्मिकपणावरचा भरंवसा जेव्हां पार सुटला, आणि आपल्या हातीं कांहीं नाहीं असें कबूल करून या मनुष्यानें स्वतःस ईश्वराच्या हवालीं केलें, तेव्हां त्याला शांति मिळाली. ज्यांना आज पोथी वाचतांना जांभई येते आणि त्यामुळें आपण पापी आहों असें वाटून जे वाचन सोडून देतात, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. ज्याच्या नांवाचें उपासनेचें पुस्तक लोक रोज पहांटे उघडतात, त्यालाही चार वर्षें पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. आणि त्या चार वर्षांतही त्यानें विहीर खणणें सोडलें नव्हतें.

पुढें रीडर हॅरिस नांवाच्या नामांकित बॅरिस्टरांनीं चालविलेल्या प्रार्थनासंघाचें काम चेंबर्स करूं लागले. वकिली आणि ईश्वरभक्ति यांचें हाडवैर आहे अशी जी समजूत आमच्या व्यवसायबंधूंविषयीं लोकांत आहे, तिला हें एक लहानसें उत्तर समजावें. १९०६ सालीं ते जपानी धर्मोपदेशक जुजी नाकादा यांच्याबरोबर अमेरिकेस गेले, सिनसिनाटी येथें कांहीं महिने शिकवून १९०७ सालीं जपानला पोंचले, आणि टोकियो येथील कावमन नांवाच्या दांपत्याची धर्मशाळा त्यांनीं पाहिली. गंमत अशी कीं, याच कावमनबाईंनीं पुढें १९२५ सालीं पतीच्या दीर्घ आजाराच्या अनुभवांतून ‘स्ट्रीम्स इन द डेझर्ट’ हें दैनिक उपासनेचें दुसरें प्रसिद्ध पुस्तक तयार केलें. जगांतील दोन अत्यंत लोकप्रिय उपासना-पुस्तकांचे धागे अशा रीतीनें १९०७ सालीं एका छपराखालीं एकत्र आले होते. आणि दोहोंच्या मागें घरांतलें दुःख सोसलेली एकेक स्त्री होती.

त्यांतली एक कावमनबाई. दुसरीची हकीकत आतां सांगतों. तिचें माहेरचें नांव गर्ट्रूड हॉब्स. जन्म १८८३ चा. लहानपणीं छातीच्या दुखण्यानें तिला इतकें पछाडलें कीं शाळा मध्येंच सोडावी लागली. मुलगी घरीं बसली. परंतु रडत बसली नाहीं. पिटमनची लघुलेखनपद्धति तिनें घरच्या घरीं हस्तगत केली, आणि इतका सराव केला कीं मिनिटाला अडीचशें शब्द ती टिपून घेऊं लागली. आमच्या न्यायकचेऱ्यांत ज्यांनीं लघुलेखकांचें काम पाहिलें आहे त्यांना हा वेग किती असामान्य आहे हें सांगावयास नको. सामान्य वक्ता बोलतो त्याहून तो कितीतरी अधिक आहे. इंग्लंडच्या मुख्य प्रधानाची चिटणीस व्हावें अशी तिची महत्त्वाकांक्षा होती. १९०८ सालीं नोकरीसाठीं ती अमेरिकेस निघाली, त्याच आगबोटीवर चेंबर्स होते. ओळखीचें रूपांतर प्रेमांत झालें, आणि २५ मे १९१० रोजीं दोघांचा विवाह झाला. मुख्य प्रधानाची चिटणीस होण्याचें राहून गेलें. परंतु तिच्या लेखणीला जें काम मिळालें तें कोणत्याही मुख्य प्रधानाच्या भाषणांहून अधिक काळ टिकलें.

१९११ च्या जानेवारींत लंडनच्या क्लॅपहॅम भागांत चेंबर्स पतिपत्नींनीं बायबल शिकविण्याची एक निवासी पाठशाळा उघडली. पैशांचा सांठा नव्हता. विद्यार्थी येत, राहत, शिकत, आणि दारीं आलेला याचक विन्मुख जात नसे. रोज व्याख्यान, रोज प्रार्थना, रोज घरकाम. चेंबर्स बोलत, आणि मागच्या बांकावर बसून गर्ट्रूडबाई प्रत्येक शब्द टिपून घेत. यांचें पुढें कांहीं पुस्तक करावयाचें आहे असा संकल्प त्या वेळीं कोणाच्या मनांत असेल असें दिसत नाहीं. १९१३ सालीं कॅथलीन ही त्यांची एकुलती एक कन्या जन्मली. तरी वह्या भरत राहिल्या. संसार, पाहुणे, तान्हें मूल आणि लघुलेखन, हें सर्व एकाच बाईच्या दिवसांत मावत होतें. तो दिवस पहांटे किती लवकर सुरू होत असेल याची कल्पना आमच्या वाचकांपैकीं स्त्रियांना पुरुषांहून अधिक चांगली येईल.

१९१४ सालीं युरोपांत महायुद्ध पेटलें. दुसऱ्या वर्षीं पाठशाळा बंद करून चेंबर्स यांनीं सैनिकांची सेवा पत्करली, आणि ऑक्टोबर १९१५ मध्यें ते ईजिप्तला गेले. कैरोजवळ झैतून येथें वाळवंटांत ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या पलटणींचा मोठा तळ होता. तेथें तरुण ख्रिस्ती संघाच्या झोंपडीवजा मंडपांत त्यांनीं काम सुरू केलें. डिसेंबरांत गर्ट्रूडबाई अडीच वर्षांच्या मुलीसह तेथें पोंचल्या. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तो तळ ज्या भूमीवर होता ती ईजिप्शियन लोकांची होती; इंग्रजांनीं १९१४ सालीं तिच्यावर आपलें संरक्षित राज्य म्हणून शिक्का मारला होता, आणि १९१९ सालीं त्याच लोकांनीं स्वातंत्र्यासाठीं उठाव केला. सुएझच्या कालव्याचें रक्षण करण्यासाठीं आमच्या हिंदी पलटणीही तेथें नेण्यांत आल्या होत्या, आणि त्यांना त्या लढाईंत काय मिळावयाचें होतें असें कोणीं विचारलें नव्हतें. साम्राज्याचा तो सर्व व्यवहार आम्हांस मान्य नाहीं. परंतु साम्राज्याच्या तंबूंत बसलेला प्रत्येक मनुष्य साम्राज्यवादी समजून त्याच्यापासून कांहीं शिकावयाचेंच नाहीं, हा देशाभिमान नव्हे. ती केवळ आडमुठेपणाची सोय आहे.

झैतूनला आल्यावर चेंबर्स यांनीं जें पहिलें काम केलें त्याला पुष्कळांनीं वेडेपणा म्हटलें. अशा मंडपांत शिपायांना जमविण्यासाठीं गाण्याबजावण्याचे जलसे आणि चलच्चित्रें दाखवीत. चेंबर्स यांनीं त्यांच्या जागीं बायबलचे वर्ग सुरू केले. आतां एक शिपाई इकडे फिरकणार नाहीं, असें भाकित सहकाऱ्यांनीं केलें. घडलें उलट. दिवसभर वाळूंत कवाईत करून आलेले, उद्यां कोणत्या आघाडीवर जाऊन पडावयाचें हें ठाऊक नसलेले तरुण रात्रीं शेंकड्यांनीं तेथें येऊन बसूं लागले. ज्याला मरणाची सांवली दिसली आहे त्याला करमणुकीपेक्षां अर्थाची भूक अधिक असते. लोकांना हलकें तेंच हवें असतें असें गृहीत धरून पानें भरणाऱ्या आम्हां वृत्तपत्रकारांनींही यावरून आपल्याशीं थोडा विचार करावा. गर्ट्रूडबाई रविवारीं या शिपायांसाठीं विनामूल्य चहाफराळ मांडीत. टेबलांवर स्वच्छ चादरी आणि फुलें ठेवीत. वाळवंटांत शेंकडों माणसांचा फराळ करून झाल्यावर त्या पुन्हां मागच्या बांकावर वही घेऊन बसत. बायबलांतील ईयोब नांवाच्या दुःखी सत्पुरुषाच्या कथेवर चेंबर्स यांनीं तेथें जीं व्याख्यानें दिलीं, तीं याच वह्यांवरून १९१७ सालीं पुस्तकरूपानें छापलीं गेलीं.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्यांच्या पोटांत असह्य कळा सुरू झाल्या. गाझाची मोठी लढाई तोंडावर आली होती. रुग्णालयांतल्या खाटा जखमी शिपायांना लागतील म्हणून चेंबर्स तेथें जाण्यास राजी होईनात. अखेर २९ ऑक्टोबर रोजीं आंत्रपुच्छाची तांतडीची शस्त्रक्रिया झाली. थोडी सुधारणा दिसली, पुन्हां प्रकृति ढांसळली, आणि १५ नोव्हेंबर १९१७ रोजीं वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. कैरो येथें लष्करी इतमामानें त्यांस मूठमाती देण्यांत आली. दुसऱ्यासाठीं खाट मोकळी ठेवणाऱ्या या उदारपणाबद्दल आम्हांस आदर आहे. तथापि त्याचें अनुकरण करण्यास आम्ही कोणास सांगणार नाहीं. ईश्वरानें दिलेल्या देहाचा वैद्याकडे वेळींच नेऊन सांभाळ करणें हाही उपासनेचाच भाग आहे. साधुपुरुषांचे सद्गुण घ्यावे, आणि त्यांच्या चुका चुका म्हणून ओळखाव्या, यांतच त्यांचा खरा मान आहे.

साधारण चरित्र येथें संपावयाचें. त्या दिवशीं ऑस्वल्ड चेंबर्स हें नांव कांहीं विद्यार्थी आणि कांहीं पलटणींतले शिपाई यांच्यापलीकडे फारसें कोणास ठाऊक नव्हतें. गर्ट्रूडबाई चौतीस वर्षांच्या, पदरीं साडेचार वर्षांची मुलगी, देश परका, हातीं पैसा नाहीं. त्यांच्यापाशीं होत्या त्या वाकड्या-तिकड्या खुणांनीं भरलेल्या वह्या. त्या तत्काळ स्वदेशीं परतल्या नाहींत. १९१९ पर्यंत झैतूनलाच राहून त्यांनीं शिपायांमधलें काम पुढें चालविलें, आणि पतीचें एकेक प्रवचन वह्यांतून उतरवून काढून छापून वांटावयास आरंभ केला. आघाडीवरच्या शिपायांच्या खिशांत हीं पत्रकें हिंडूं लागलीं. इंग्लंडांत परतल्यावर त्यांनीं ऑक्सफर्ड येथें विद्यार्थ्यांसाठीं खाणावळवजा बिऱ्हाड चालविलें. दिवसां त्यांचा स्वयंपाक, झाडलोट, हिशेब. आणि त्यांतून उरलेल्या वेळांत लघुलिपीच्या वह्या व टंकलेखनाचें यंत्र. सुमारें तीन वर्षें खपून त्यांनीं क्लॅपहॅमचीं व्याख्यानें आणि झैतूनचीं संध्याकाळचीं प्रवचनें यांतून उतारे निवडले, ते जोडले, छाटले, प्रत्येकास एकेक तारीख दिली, आणि १९२७ सालीं तें पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. १९३५ सालीं अमेरिकेंत त्याची आवृत्ति निघाली, आणि तेव्हांपासून आजतागायत तें बाजारांतून नाहींसें झालेलें नाहीं; तीसांहून अधिक भाषांत तें गेलें आहे.

या पुस्तकांत गर्ट्रूडबाईंचें नांव कोठेंही नाहीं. प्रस्तावनेच्या तळाशीं दोन आद्याक्षरें आहेत, तेवढींच. याशिवाय चेंबर्स यांच्या नांवावर जीं तीसएक पुस्तकें आहेत, तीं जवळ जवळ सर्व याच बाईंनीं त्यांच्या मरणोत्तर सिद्ध केलीं. १९४० च्या डिसेंबरांत जर्मन विमानांच्या भडिमारानें लंडनची पुस्तकांची पेठ जळून खाक झाली, तींत या पुस्तकांचा सांठाही भस्म झाला. बाईंनीं हाय खाल्ली नाहीं. पुन्हां छापण्याच्या उद्योगास त्या लागल्या. १९६६ सालीं त्या निवर्तल्या.

आमच्या व्यवसायांत एक प्रश्न वारंवार उभा राहतो: दस्तऐवज कोणाचा? या पुस्तकाविषयीं तो विचारला तर काय उत्तर द्यावें? विचार चेंबर्स यांचे, यांत संशय नाहीं. शब्दही बहुतेक त्यांचेच. परंतु हवेंत विरणारे ते शब्द ज्या हातानें कागदावर धरून ठेवले, ज्या बुद्धीनें त्यांतला कोणता उतारा कोणत्या दिवसाला द्यावा हें ठरविलें, तो हात आणि ती बुद्धि नसती तर आज चेंबर्स हें नांव कैरोच्या एका थडग्यावर तेवढें राहिलें असतें. म्हणून हें पुस्तक दोघांचें आहे, असाच निवाडा द्यावा लागतो. ही गोष्ट परक्या देशांतली म्हणून आमच्या वाचकांनीं दूर ठेवूं नये. आपल्या महाराष्ट्रांत रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ सालीं वारले, तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें. तें पुरें कोणीं केलें? ज्यांना शाळेचें शिक्षण म्हणावें असें मिळालेंच नव्हतें, त्या लक्ष्मीबाईंनीं. त्याच लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्राला आज मराठी वाङ्मयांत कोणतें स्थान आहे, हें सर्वांस ठाऊक आहे.

आतां आमच्या घरांकडे पाहूं. घरधनी पहांटे स्नान करून पोथी वाचावयास बसतात, आणि त्याच वेळीं आंत चुलीपुढें बसलेली त्यांची पत्नी त्यांच्या वाचनांत व्यत्यय नको म्हणून भांड्यांचा आवाजही जपून करते. पोथींतलें एक अक्षरही तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. पुण्य मात्र दोघांच्या नांवें जमा होतें अशी समजूत! ज्या मुलीची शाळा आजारामुळें सुटली तिला घरबसल्या एक विद्या शिकूं दिली, म्हणून एवढें कार्य झालें. आमच्यांत ज्या मुलींची शाळा आजारामुळें नव्हे तर आमच्याच हट्टामुळें सुटते, त्यांच्या हातून काय काय व्हावयाचें राहून गेलें असेल, याचा हिशेब कोणत्या खात्यावर मांडावयाचा? आमची सूचना साधी आहे. रोजचें पान मोठ्यानें वाचावें, चूल पांच मिनिटें उशिरा पेटवावी, आणि आठवड्यांतून निदान तीन दिवस तें पान घरांतल्या स्त्रीनें वाचावें व पुरुषांनीं ऐकावें.

या पुस्तकाचा किंवा या जातीच्या कोणत्याही पुस्तकाचा उपयोग कसा करावा, हेंही चरित्रावरूनच शिकतां येतें. पहिली गोष्ट, वेळ ठरलेली असावी, आणि ती टपाल व बाजारभाव पाहण्यापूर्वींची असावी. एकदां तेलाचा भाव डोक्यांत शिरला कीं ईश्वरास दाराबाहेर तिष्ठत राहावें लागतें. दुसरी, पानाच्या माथ्यावरचें वचन मूळ ग्रंथांत काढून त्याच्या मागचा-पुढचा भाग वाचावा. हीं पानें लांब व्याख्यानांतून कापून काढलेलीं आहेत. बोट धरून देवळापर्यंत नेणें हें त्यांचें काम, देवळाची जागा घेणें हें नव्हे. तिसरी, एखादा दिवस चुकला तर चुकलेलीं पानें एकदम उरकून बाकी फेडल्याचें समाधान मानूं नये. आजच्या तारखेचें पान उघडावें आणि पुढें चालावें. चौथी, गोडी वाटली नाहीं म्हणून सोडूं नये. डनूनचीं चार वर्षें आठवावीं. पांचवी आणि सर्वांत महत्त्वाची, वाचल्यावर दोन मिनिटें पुस्तक मिटून स्वस्थ बसावें, आणि आज यांतलें कोणतें एक काम आपण करणार हें ईश्वरासमक्ष ठरवून उठावें.

शेवटच्या सूचनेवर आमचा भर कां आहे तें सांगतों. नित्यवाचनाविरुद्ध सुशिक्षितांचा एक आक्षेप आहे, आणि तो खोटा नाहीं. ते म्हणतात, रोज वाचून वाचून मनुष्य पोपट होतो. पहांटे पोथी वाचणारेच दुपारीं वजनांत मारतात, आणि उपासनेचें पान उलटणारेच कुळाच्या अंगठ्याखालीं कोरा कागद सरकवितात. खोट्या खतांचे दावे चालवितांना आम्हींही हें पाहिलें आहे, आणि त्या खतांवर कित्येकदां वर देवाचें नांव घातलेलें असतें. परंतु हा दोष रोज वाचण्याचा नव्हे. ज्यानें कीर्द लिहिली आणि खतावणी केलीच नाहीं, त्याचा तो दोष आहे. पहांटेचें पान ही कीर्द. गिऱ्हाइकाशीं, नोकराशीं, बायकोशीं, ऋणकोशीं होणारा दिवसभराचा व्यवहार ही खतावणी. चेंबर्स यांच्या शिकवणींतला मुख्य मुद्दा पाहूं गेल्यास हाच आहे. समजलें तितकें लगेच आचरावें, म्हणजे पुढचें समजतें. न आचरितां वाचीत गेलें तर समजलेलेंही पुसट होतें. ईश्वराच्या कामाची धांदलसुद्धां ईश्वरालाच विसरावयास लावूं शकते, असा इशारा त्यांनीं धर्मकार्य करणारांना पुनः पुनः दिला आहे. मग निव्वळ वाचनाची धांदल काय न करील? ईश्वराशीं सख्य जोडणें हें मनुष्याशीं सख्य जोडण्यासारखेंच आहे. वर्षांतून एक मेजवानी देऊन मैत्री होत नाहीं. रोज भेटावें लागतें, ऐकावें लागतें, आणि दिलेला शब्द पाळावा लागतो.

हें पुस्तक तयार झालें तेंही असेंच झालें. मागच्या बांकावर बसलेल्या एका बाईनें रोज थोडें टिपलें. कोणी पाहत नव्हतें, कोणी वाखाणीत नव्हतें, आणि त्याचें काय होणार हें तिलाही ठाऊक नव्हतें. पति गेला, देश सुटला, खाणावळीचीं भांडीं घासावीं लागलीं, तरी दिवसाचा तेवढा भाग तिनें ईश्वराच्या नांवें बाजूस काढून ठेविला. अशा पुष्कळ दिवसांची बेरीज म्हणजे तीनशें सहासष्ट पानांचें हें पुस्तक. येत्या पाडव्यास आमचे व्यापारी बंधु नव्या चोपडीची पूजा करतील, तेव्हां तिच्या शेजारीं आपापल्या धर्माचें एक पुस्तक त्यांनीं ठेवावें, दुसऱ्या दिवशीं पहांटे त्याचें पहिलें पान घरच्या मंडळींसह वाचावें, आणि त्या रात्रीं कीर्द मिटण्यापूर्वीं त्या पानाची खतावणी झाली कीं नाहीं एवढें स्वतःस विचारावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.